नवं बिऱ्हाड

खिळा राधाकृष्णभाऊंनी स्वतःच ठोकला. तोही खोलीच्या आत नाही, बाहेर, चौकटीशेजारी, जिन्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

“बाबासाहेबांचा फोटो आत कशाला लपवायचा?” ते म्हणाले. “इथं लावा. माझी इमारत हाय. कोण काय म्हणतंय ते बघतो मी.”

सत्यशीलानं नवऱ्याकडं पाहिलं. भीमाच्या हातात फोटो तसाच राहिला होता. नगरमध्ये खोली शोधताना दोघांच्या चपला झिजल्या होत्या. ती एका खासगी दवाखान्यात नर्स, तो एमआयडीसीत वायरमन. एवढं ऐकून घरमालक खूश व्हायचे, चहासुद्धा विचारायचे. मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची.

भिंगारच्या जुन्या बाजारामागच्या या दुमजली इमारतीचे मालक मात्र आडनाव ऐकून हसले होते. “बरं झालं,” म्हणाले होते. भीमानं कराराचं काढलं, तर त्यांनी हातानंच विषय मोडला. “घरच्या माणसांशी कसला आलाय करार?”

इमारतीत आणखी पाच बिऱ्हाडं होती. सगळी वाडवडिलांपासूनची, जुन्याच चिल्लर भाड्यात राहणारी, गावाकडं शेतीवाडी राखून असलेली. पहिल्याच सकाळी फोटोवरून कुजबुज सुरू झाली. अंगणात नळ एकच. सत्यशीला हंडा घेऊन खाली उतरली की बायका आपापल्या कळश्या उचलून बाजूला व्हायच्या. ती गेली की तोटी घासून घ्यायच्या.

ती हे भाऊंना सांगणार नव्हती. त्यांनीच खोदून खोदून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळाशी येऊन उभे राहिले.

“आजपासून पहिला हंडा सत्यशीलाबाईंचा,” त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. “ज्याला चालत नसंल, त्यानं आपली सोय बघावी.”

एवढ्यावर ते थांबले नाहीत. रविवारी तिच्या घरी मांडी घालून जेवले, दार सताड उघडं ठेवून. सुक्या बोंबलाची चटणी मागून घेतली. भीमाच्या गावची माणसं पाथर्डीकडून ऊसतोडीला निघाली होती, तर भाऊंनी त्यांना मुक्कामाला गच्ची मोकळी करून दिली. भीमाचे डोळे भरून आले.

“असा माणूस म्या पाहिला न्हाई,” तो बायकोला म्हणाला.

पहिलं गेलं ते भागवत मास्तरांचं बिऱ्हाड. “पोरीचं जमवायचंय,” मास्तर तिच्याकडं न बघता म्हणाले. “पाहुण्यांनी जिना चढायला पाहिजे ना.” मग मागोमाग आणखी तिघं. दर वेळी टेम्पो गल्लीबाहेर वळला की सत्यशीला दार लोटून घ्यायची. भाऊ समजूत काढायचे. “जातायत त्यांना जाऊ द्या. तुमी मान खाली घालू नका.”

राहिली तळमजल्यावरची बनुबाई. सत्तरीची, एकटी, मधुमेहानं पोखरलेली. तिनंही सुरुवातीला सत्यशीलाची सावली टाळली होती. पण एका दुपारी साखर एकदम उतरून ती दारातच कोसळली. सत्यशीलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गालफडात साखर चोळली. म्हातारीनं डोळे उघडले.

“तुझ्या हातचं पोटात गेलं की गं,” म्हणाली. मग जरा दम खाऊन म्हणाली, “आता चहा पण टाक. अर्धवट कशाला.”

तेव्हापासून दोघींचं उठणंबसणं एक झालं. रोजचं इंजेक्शन सत्यशीला द्यायची. बनुबाई तिच्यासाठी भाकरी थापून ठेवायची, आणि दोघी एकाच ताटात जेवायच्या. सत्यशीलानं हे मोठ्या आनंदानं भाऊंना सांगितलं.

“चांगलं हाय,” एवढंच ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात बनुबाईचा मुलगा सुनील राहुरीहून गाडी घेऊन आला. तुझी आई कुणाच्या ताटात जेवते ते बघून जा, असा त्याला कुणाचा तरी फोन आला होता. त्यानं आईला काही विचारलं नाही, ट्रंक उचलून गाडीत टाकली. बनुबाईनं दाराची चौकट धरली.

“मला इथं लई बरं हाय रे. ही पोर बघती माझं.”

“म्हणूनच,” सुनील म्हणाला, आणि चौकटीवरची तिची बोटं एकेक करून सोडवली.

सत्यशीलानं इन्सुलिनची पिशवी पुढं केली. त्यानं ती तिच्या हातून घेतली नाही. खाली ठेवायला लावली, आणि मग उचलली. बनुबाई काचेआडून हात हलवत राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

“आपल्यापायी समदी इमारत ओस पडली,” भीमा म्हणाला. सत्यशीलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी भाऊ पेढे घेऊन आले. अंगणात उभं राहून त्यांनी पाची बंद दारांवरून शांतपणे नजर फिरवली, मग वर आले. सत्यशीलानं चहा ठेवला. त्यांनी भीमाच्या खांद्यावर हात टाकला.

“तुमच्यासारखी माणसं मिळायला नशीब लागतं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर ओला झाला होता.

सत्यशीलाला वाटलं, आता खालची मोठी खोली देतील.

“सोमवारी मशीन येतंय, इमारत पाडायला. इथं फ्लॅट काढतोय. चांगल्या घरची माणसं बुकिंगला थांबलीत.”

भीमाला काही उमगेना. “मग आमी कुठं जायचं, भाऊ?”

“तुमची सोय केली हाय की,” त्याच्या हातावर पेढा ठेवत भाऊ मायेनं म्हणाले. “संगमनेरला माझी आणखी एक इमारत हाय. तिथली आठ बिऱ्हाडं कोर्टालासुद्धा बधली न्हाईत. कधी जाताय राहायला?”