गडगडाट

ढग गडगडले की वाळवंटात मातीखाली कमा नावाची अळंबी धरते, आणि तिच्यावरच फिद्दाच्या घराचं पोट. यंदा ढग रुसलेच. म्हणून तिची लेक नौफा अळंबी शोधायला पार जुन्या चौकीकडे निघाली.

“चौकीच्या पलीकडं पाऊल टाकशील तर याद राख! मेल्या शिपायांनी लढाईत सुरुंग पेरलेत तिथं.”

“अलीकडं उरलंय काय, आई? उंटाच्या लेंड्या वेचू?”

“जळ्ळी मेली तुझी जीभ! लवकर ये.”

दुपारी फिद्दा तंबूत रोट्या थापत होती, तेवढ्यात लांबवर गडगडलं. तिचा चेहरा फुलला.

“ऐकलंस का गं?” तिनं शेजारच्या तंबूतल्या जावेला हाक मारली. “गडगडलं एकदाचं! आता पोरीला लांब जायला नको.”

पिठाच्या हातांनीच ती हसत बाहेर आली.



आभाळात ढगाचा मागमूसही नव्हता.