बिनविरोध

कुकरची शिट्टी झाली.

"वहिनी, महापालिकेच्या शाळेची समिती ती," खिलारेभाऊ चहा बशीत ओतत म्हणाले. "तिथं कशाला मतदान? बिनविरोध होऊन जाऊ द्या."

सुगंधाने गॅस बारीक केला. शाळेत मुलींच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून तिच्या रेवाची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. त्या एका कडीसाठी ती पालकांमधून निवडणुकीला उभी राहिली होती; समोर उमेदवार एकच, खिलारेभाऊ.

"कडीच ना? अध्यक्ष झालो की पहिलं काम तेच. उद्घाटनाची फीत तुम्हीच कापा!"

"पण भाऊ, समितीवर पालकच लागतो ना?"

"म्हणजे काय! आमचा ओजस तुमच्या रेवाच्याच वर्गात आहे की."

सुगंधाचा जीव भांड्यात पडला. बापच तो, त्यालाही लेकरांची काळजी असणारच. कडी बसल्याशी कारण, कुणी का बसवेना! "बरं, घेते मी माघार," ती म्हणाली. भाऊ हात जोडून खूश होऊन गेले.

दाराआडून सगळं ऐकणारी रेवा तिला येऊन बिलगली.

"आई, बाई हजेरी घेताना ओजसचं नाव आलं की मलाच 'हजर' म्हणायला सांगतात. तो दिसतो कसा गं?"