अकरावी सही

“माणूस न्हाय आला, सही मात्र आली,” निखत हजेरीची वही पुढं ओढत पुटपुटली.

शेजारच्या बाकावर टेकलेल्या गजराबाईनं ऐकलं. “कुणाची गं बाई?”

निखतनं वही मिटली. अकरा महिन्यांच्या बोलीवरची ती कारकून. मुदत याच महिन्यात संपत होती, आणि पुढच्या नेमणुकीच्या कागदावर सही अध्यक्ष शांतलिंगअण्णांची लागणार होती.

दोन शहरं आणि नऊ गावं मिळून हे पाणी प्राधिकरण. सदस्य अकरा. अध्यक्ष मात्र चौदा वर्षं एकच. शहरांना पाणी दिवसाआड, शेवटच्या गावाला पंधराव्या दिवशी. अध्यक्षपद पाळीपाळीनं सगळ्यांकडं जावं आणि पाण्याच्या पाळ्या सगळ्यांनी मिळून ठरवाव्यात, असा ठराव होता. मागच्या महिन्यात तो एका मतानं पडला, आज पुन्हा मताला आला होता. विरोधातलं ते जादा मत शेवटच्या गावाचं होतं म्हणे. आपल्याच गावाच्या मुळावर कोण उठलं, एवढंच बघायला गजराबाई त्या शेवटच्या गावाहून, लोहाऱ्याहून, जीपमध्ये कोंबून आली होती. कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका, बाकी कपाळ मोकळं.

अण्णांनी तिला पाहिलं आणि लगेच नजर वळवली. “बाईंना चहा द्या रे कुणीतरी,” असं मात्र मोठ्यानं म्हणाले.

नवे अधिकारी शिवप्रसाद आठवड्यापूर्वीच बदलून आलेले. “हात वर करा,” ते म्हणाले. बाजूनं पाच, विरोधात पाच.

“वहीत सह्या अकरा आहेत. शेवटच्या गावाचे सदस्य बिरू कुठं आहेत?” शिवप्रसादांनी वही बघत विचारलं.

बाजूनं हात वर केलेले पाचही जण टेबलाकडं बघू लागले. एकाला अण्णांकडून पाइपलाइनचं काम मिळालं होतं, एकाची सून ऑफिसात चिकटली होती. उरलेल्यांचंही कुठं ना कुठं अडलेलंच.

“बिरू व्हय?” अण्णा हसले. “लई कामाचा गडी. जरा बाहेर गेलाय. त्याचं मत विरोधातच धरा, मला सांगून गेलाय.”

पाचातला एक खोकला. दुसऱ्यानं चहाचा भुरका मारला. शिवप्रसादांनी पेन उघडलं.

“सर, थांबा,” निखत उभी राहिली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “त्यांच्या मालकीणबाई इथंच बसल्यात. कुठं गेलेत ते त्यांनाच विचारा.”

सगळ्यांच्या माना वळल्या. गजराबाईनं चहाचा कप खाली ठेवला. त्याला तिनं तोंडही लावलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“साहेब, दोन महिनं झालं, पोळ्याच्या आदल्या दिशी माती दिली ह्यांना. हे अण्णा तेराव्याला पहिल्याच पंगतीत होते. दोनदा बुंदी मागितली, म्याच वाढली.”