ठमीची खुर्ची

खुर्चीला कडी नाही, हे शिकवणीच्या बाईंच्या लक्षात आलं तेव्हा ठमी आत बसलेली होती आणि मिस्त्रींनी खुर्चीचं दार गुडघ्यानं दाबून धरलं होतं.

ठमी म्हणजे तांबूस, एक कान मुडपलेली कुत्री. तिची अन्ननलिका ढिली पडलेली. घास आपसूक खाली उतरत नसे. तिला माणसासारखं ताठ बसवून भरवायचं, आणि वाटी संपल्यावर पाव तास तसंच बसवून ठेवायचं. त्याआधी खाली उतरली की घास उलटा फिरून छातीत जायचा. दोनदा गेला होता, आणि दोन्ही वेळा ती मरता मरता वाचली होती. भटक्या कुत्र्यांच्या संस्थेनं तिला कायमचं घर मिळेपर्यंत मिस्त्रींकडे ठेवलं, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात तिला सागवानी खुर्ची केली. उंच पाठ, दोन्ही बाजूंना फळ्या, पुढे छातीपर्यंत येणारं दार.

"माझं स्वयंपाकघरातलं स्टूल तीन वर्षं लंगडतंय," मिस्त्रींची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "त्याला यांना सवड नाही. आणि या साहेबिणीला सागवान!" एवढं बोलून ती साहेबिणीच्या पाठीमागची उशी नीट करायची. उशी तिनंच शिवली होती.

संस्थेची अट एकच होती. नेणाऱ्यानं ठेवणाऱ्यासमोर एकदा स्वतः भरवून दाखवायचं. ठमीला न्यायला आलेल्या बाई वाटी घेऊन समोर बसल्या. ठमीनं आधी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग ठमीनं खायला सुरुवात केली आणि वाटी चाटूनपुसून लख्ख केली. नव्या माणसाच्या हातून निदान चार घास तरी आढेवेढे घेईल, अशी मिस्त्रींची अपेक्षा असावी. ते घड्याळाकडेच बघत राहिले.

"मिस्त्री, हे दार मी कसं धरायचं?" बाईंनी विचारलं. "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दिवसातून तीनदा असं रेटून बसणं मला नाही जमायचं. कडी कुठाय याची?"

"कडी नाही," मिस्त्री म्हणाले. "राहिली बघा."

"अरेरे. मग?"

"मग काय, तुम्हाला अवघडच आहे. दार सुटलं की ही उतरणार, आणि उतरली की संपलं." वाईट बातमी सांगणाऱ्याचा आवाज जेवढा जड हवा, तेवढा तो नव्हता. "घाई करू नका बाई. राहू दे आणखी महिनाभर आमच्याकडे. नंतर बघू."

"चाळीस वर्षं कपाटं करताहेत," बायको दारातून म्हणाली. "कडी राहिलेलं एक कपाट दाखवा म्हणावं."

"तू गप गं."

"मी गप बसते. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही सांगा."

खाली मिस्त्रींचा कारखाना होता. करवत बंद होती तरी जिन्यावर, खिडकीच्या गजांवर, वाटीच्या झाकणावर बारीक पिवळट भुसा बसलेला होता. खुर्चीतली ठमी खोकली. कोरडा, छोटा खोकला.

"हे," मिस्त्री म्हणाले. "हिच्या छातीला लाकडाचा भुसा चालायचा नाही, असं म्हणाले. आणखी एकदा छाती भरली तर तग धरणार नाही म्हणाले."

"परवा मला म्हणतात, कारखाना बंद करतो," बायको बाईंना म्हणाली. "मी म्हटलं, करा. आपण दोघंही हिच्यासारखे ताठ बसू आणि हवा खाऊ."

बाई हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. बायकोही बोलून झाल्यावर हसायचं विसरली.

"जरा दार धर," ते तिला म्हणाले.

तिनं धरलं. कडी आणायला मिस्त्रींना कारखान्यात जावं लागलं नाही. ती त्यांच्या शर्टाच्या खिशातून निघाली. पितळी, चार स्क्रूंसकट, कागदात बांधलेली. आणि कागद घड्यांवर झिजलेला. बायकोनं तो कागद पाहिला. एरवी एवढ्या ऐवजावर तिनं आठवडाभर तोंडसुख घेतलं असतं. तिनं दार दुसऱ्या हातात घेतलं, एवढंच.

घरातल्या छोट्या गिरमिटानं भोकं पाडताना त्यांनी खाली डावा तळहात धरला आणि चिमूटभर भुसा वरच्यावर झेलला. खिडकीबाहेर हात काढून झटकला, पँटला पुसला आणि परत आले. स्क्रू साध्या पेचकसानं हातानंच पिळले. कडी लागली. बायकोनं हात काढला. दार हललं नाही. ठमी शेजारच्या फळीवर हनुवटी टेकवून बाईंकडे बघत होती.

"अजून नऊ मिनिटं," मिस्त्री म्हणाले. त्यांना कुठं उभं राहावं ते कळेना.

नऊ मिनिटांनी खुर्ची गाडीच्या मागच्या सीटवर चढली आणि ठमी तिच्या शेजारी. बायकोनं उशी दोनदा बदलून ठेवली, काच खाली करायला सांगितली, वर करायला सांगितली आणि जिना चढून गेली.

"रविवारी येत जा हिला भेटायला," बाई म्हणाल्या. "दोघंही या."

"आमची ही येईल. मी नाही यायचा."

"का हो? ओळखेल की ती तुम्हाला!"

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाले. "तिला वाटेल, न्यायला आलो."