रांजण परत आला

मी गावच्या एका खोलीच्या संग्रहालयाचा राखणदार. आमचा रोमन रांजण दिल्लीच्या प्रदर्शनातून सहा महिन्यांनी परत आला. तो ज्यांच्या शेतात सापडला, त्या सोजरकाकू सकाळपासून पायरीवर बसून होत्या.

रांजण निघाला तेव्हा त्यांनी आत मूठभर ज्वारी टाकली होती. मीही नको म्हटलं नव्हतं.

पेंढा बाजूला केला. कुठे ओरखडाही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

काकूंनी वाकून आत पाहिलं. "रिकामाच धाडला व्हय?"

"मोठी माणसं ती, काकू. भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांना कुठलं ठाऊक!"

"रोमवरून आला तवा काय व्हतं म्हणलास ह्यात?"

"द्राक्षाची दारू. काठोकाठ."

"बघ," काकू पदराने रांजण पुसत म्हणाल्या, "आन् ते तर परके व्हते."