आजीची कादंबरी

“चित्रं बघायची, पर्याय आला की बोट टेकवायचं, आणि याला म्हणे कादंबरी!” नाडकर्णी सरांनी नातीच्या हातातला टॅब ओढून घेतला. “आम्ही अभिजात वाङ्मयावर वाढलो.”

“आजोबा, ती कादंबरी माझी नाहीये. आजी वाचते. मी नुसता चार्जिंगला लावत होते.”

सर चाटच पडले. पन्नास वर्षं त्यांनी निवडून दिलेलीच पुस्तकं शालिनीबाईंनी मुकाट वाचली होती.

“तू? आणि हे असलं?” त्यांनी बायकोकडे वळून विचारलं.

“ज्याची त्याची आवड,” मटार सोलता सोलता बाई म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकांतली बायको एक तर शेवटपर्यंत सोसते, नाहीतर जीव देते. इथं मधेच थांबून मला विचारतात, हिनं नवऱ्याच्या घरात राहायचं की निघून जायचं? आपण सांगू तसा शेवट होतो. अकरा वेळा वाचली मी.”

सर जरा सावरले. हसलेसुद्धा. “म्हणजे अकरा वेळा शेवट बदलून पाहिलास तर!”

बाईंनी पुढची शेंग उचलली.

“नाही हो. अकराही वेळा मी तिला जाऊ दिलं.”