निळ्या फितीची टोपी

"आली," खिडकीलगतच्या पलंगावरून लाटसाहेब कुजबुजला.

भिंगरीने खिडकीच्या काचेला नाक टेकवलं. खाली बागेत झारीचं पाणी पडत होतं. झुडपांच्या वर फक्त टोपी हलताना दिसत होती. गवताची, निळ्या फितीची. मामीची.

मामी जाऊन वर्ष होत आलं होतं. मामाने त्याच दिवशी बागेच्या फाटकाला कुलूप घातलं, आणि स्वतःच्या तोंडालाही. पोटच्या पोराकडे तो बघेनासा झाला. पोराने अंथरूण धरलं. पायांत काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण पाय काही जमिनीला लागेनात. पलंगावरून हुकूम सोडतो म्हणून स्वयंपाकीणबाईंनी त्याचं नाव ठेवलं लाटसाहेब. आईबाप गमावून या घरी आलेली भाची एका जागी टिकत नाही, म्हणून ती भिंगरी.

बाग मात्र वाळली नाही. फाटकाला कुलूप, आणि रोज सकाळी माती ओली.

"भूत की माणूस, ओळखायला काय लागतं?" काल बटाटे सोलता सोलता बाई म्हणाल्या होत्या. "हाक मारावी. माणूस ओ देतो. भुताला ओ देता येत नाही."

"मग मार ना हाक," काचेपासून वळत भिंगरी म्हणाली.

"इथून ऐकू नाही जायचं."

"खाली चल."

लाटसाहेबाने पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. "आणि ओ आली नाही तर?"

भिंगरीने तसल्या हाका खूप मारल्या होत्या. रिकाम्या घरात, घसा बसेपर्यंत.

"नाही आली तर मी आहे ना शेजारी."

तिने खांदा पुढे केला. जिन्यावर त्याचे पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे लटपटले. तो दोनदा बसला. दोनदा चिडला. पण उतरला.

आज कुलूप कडीला नुसतंच लोंबत होतं. आत ओल्या मातीचा वास होता. गुलाबाला तांबूस धुमारे फुटले होते. वाफ्याशी पाठमोरं कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. डोक्यावर ती टोपी. खांद्यावर मामीची करडी शाल.

लाटसाहेबाने फाटकाचा गज घट्ट धरला.

"आई!"

झारी थांबली. टोपी तशीच, खाली झुकलेली. पानांवरून पाणी ठिबकत राहिलं. भिंगरीने त्याचा हात शोधला.

"ओ," टोपी काढत मामा म्हणाला.